साहेबाची चूल

मे महिन्याच्या भर दुपारी, बाहेर झाडाची सावलीसुद्धा पोळत असताना, घरातल्या मोठ्या खोलीत मुद्दाम जाळ पेटवायचा, हा उद्योग अख्ख्या चिमूर तालुक्यात एकाच घरात चालायचा आणि ते घर खोब्रागड्यांचं होतं. नवी सून आली की तिनं पहिला स्वयंपाक साहेबाच्या चुलीवर करायचा, हा नेम. लग्न थंडीत झालं तर ठीक. पण खोब्रागड्यांकडची लग्नं नेमकी बुद्धपौर्णिमेच्या आगेमागे ठरायची आणि त्यापुढे कोणाचं काही चालायचं नाही.

रश्मी त्यातून गेलेली होती. आपल्या लग्नानंतर याच चुलीपुढे नव्या साडीचा पदर खोचून ती घामानं निथळत लाखोळीची डाळ ढवळत बसली होती, आणि मनातल्या मनात तिनं इंग्रजांना इतक्या शिव्या घातल्या होत्या की ते आधीच गेले नसते तर त्या दिवशी नक्की गेले असते. आज तिची सून रिना बसणार होती. मुलाच्या, आयुषच्या लग्नाचा मांडव अजून उतरला नव्हता. शेवटचे पाहुणे सकाळच्या एसटीनं गेले होते. आता घरात फक्त घरचीच माणसं उरली होती, म्हणजे भांडायला मोकळीक झाली होती.

भांडण छपराचं होतं. रश्मीचा नवरा अश्वजित पंचायत समितीत इंजिनीयर. आयुष्यभर लोकांना घरकुलं बांधून देणारा माणूस स्वतः मात्र कवेलूंखाली, म्हणजे जुन्या कौलांखाली झोपतो, हे त्याच्या मनाला फार लागायचं. पावसाआधी कवेलू उतरवायचे, साहेबाच्या चुलीवरची धुराची चिमणी पाडायची आणि अख्ख्या घरावर स्लॅब टाकून वर चार खोल्या काढायच्या, असं त्यानं ठरवलं होतं. ताडोबाचे पर्यटक हल्ली या बाजूनंही यायला लागले होते, आणि आयुषनं तर होमस्टेचं नावसुद्धा शोधून ठेवलं होतं. अडचण एवढीच की घर गिरजाबाईच्या नावावर होतं. गिरजाबाई म्हणजे अश्वजितची आई. चिमणीचं नाव काढलं की ती पाठ फिरवून बसायची. महिनाभर मागे लागल्यावर ती इतकंच म्हणाली होती, "नव्या सुनेचा सैपाक होऊ द्या साहेबाच्या चुलीवर. जेवनं झाली का सांगते काय ते."

म्हणून आज जेवणानंतर निकाल होता. अश्वजितनं सेंट्रिंगवाल्या बिरजूला माप घ्यायला आजच बोलावून ठेवलं होतं. आईचा होकार मिळालाच तर तो बदलायच्या आत काम सुरू व्हावं, एवढी अक्कल त्याला पन्नाशीत आली होती.

घर होतंच तसं. हॉकिन्स नावाचा कोणी साहेब रेल्वेच्या स्लीपरांसाठी सागवान तोडायला या जंगलात आला होता. तोडता तोडता त्याला आपल्या गावाची आठवण अनावर झाली असावी, कारण त्यानं जंगलाच्या काठावर जे घर उभं केलं ते सगळं तिकडचं. पिवळट दगडाच्या दोन-दोन हात रुंद भिंती. बर्फ घसरून पडावा म्हणून उभं उतरतं छप्पर. त्यावर बर्फ कधी पडला नाही, वांदरं मात्र पिढ्यान् पिढ्या घसरगुंडी खेळली. समोरच्या बाजूला फुगून बाहेर आलेली मोठी खिडकी, जिला घरातले पोटखिडकी म्हणत. दारांवर कमानी, कमानींत रंगीत काचा, त्यातल्या निम्म्या आयुषच्या क्रिकेटनं खाल्लेल्या. आणि मोठ्या खोलीच्या भिंतीत, माणूस वाकून आत शिरेल एवढी दगडी चूल, तिच्यावरून थेट छपराबाहेर गेलेली चिमणी. हिवाळ्यात शेकत बसायला साहेबानं ती केली होती. चुलीवरच्या दगडी फळीवर तो काय ठेवायचा कोण जाणे. आता तिथं बुद्धाची मूर्ती होती आणि शेजारी बाबासाहेबांची तसबीर, दीक्षेच्या वेळी नागपूरहून आणलेली.

साहेब गेला तेव्हा त्याचा मुकादम डोमाजी, म्हणजे अश्वजितचा आजा, यानं हे घर घेतलं. दुसरं कोणी घेईना, कारण साहेबाची मेलेली बाई रात्री पोटखिडकीत बसून लोकर विणते अशी गावात बोलवा होती. डोमाजी म्हणाला, विणू दे, आपल्याला काय त्रास आहे?

पण रश्मीचं खरं वैर होतं ते मागच्या बावर्चीखान्याशी. स्वयंपाकाचा धूर, स्वयंपाकाचा वास आणि स्वयंपाक करणारी माणसं, हे तिन्ही साहेबाला घरात नको होतं. म्हणून त्यानं स्वयंपाकघर मागच्या अंगणापलीकडे, चिंचेच्याही पुढे, वेगळं बांधलं. ताटं घेऊन धावायला त्याच्याकडे नोकर होते. रश्मीकडे रश्मीच होती. पावसाळ्यात एका हातात छत्री नि दुसऱ्या हातात डाळीचा गंज, म्हणजे जड पातेलं. उन्हाळ्यात तळपाय भाजायचे. वांदरं पोळ्यांची दुरडी घेऊन चिंचेवर चढायची आणि वरून तिच्याकडे बघत खायची. अंधार पडला की जनावराची, वाघ-बिबट्याची भीती, म्हणून रात्रीचं जेवण उजेड आहे तोवर घरात आणून झाकून ठेवायचं आणि मग सगळ्यांनी ते थंडगार जेवायचं. नुसती गॅसची शेगडी घरात आणायचा विषय तिनं दोनतीनदा काढून पाहिला होता. गिरजाबाई म्हणाली होती, दगड काळे पडतात. अश्वजित म्हणाला होता, वास बसतो. विषय तिथंच संपला होता.

अश्वजितच्या स्लॅबच्या नकाशात मात्र घराच्या आत, मागच्या अंगाला, एक चौकोन होता आणि त्यात 'किचन' असं लिहिलं होतं. रश्मीनं तो चौकोन पाहिला आणि त्याच दिवशी ती नवऱ्याच्या पक्षात गेली. चिमणीशी तिचं काही वाकडं नव्हतं. पण चिमणी जाऊन किचन येत असेल, तर चिमणीनं खुशाल जावं.

"मम्मी, रोज असंच?" रिनानं विचारलं. दोघी उन्हातून परातीत सामान घेऊन घराकडे निघाल्या होत्या. रिना गडचिरोलीची, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. कुठल्याही गोष्टीचा डोस विचारल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

"रोज. दोन्ही टाइम."

"मंग गरम पोळी केव्हा खाता तुम्ही?"

रश्मीनं परात या कमरेवरून त्या कमरेवर घेतली. "माहेरी गेली का खाते," ती म्हणाली, आणि आपल्याच उत्तराचं तिला वाईट वाटलं. "पन आता होऊन राह्यलं ना किचन. तुले नाई धावा लागनार. आजचा दिवस काढ."

मोठ्या खोलीत सगळे जमले होते. गिरजाबाई चुलीसमोरच्या खुर्चीत, पांढरंशुभ्र लुगडं नेसून, न्यायाधीश बसावा तशी बसली होती. पोटखिडकीतल्या दिवाणावर तिचे दीर, सगळ्यांचे खुशालकाका, पाय पसरून बसले होते. खुशालकाकांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, पोरं नागपूरला होती, आणि पोटखिडकी ही त्यांची जहागीर होती. या महिन्यात त्यांनी दोनदा पक्ष बदलला होता. आधी ते वहिनीच्या बाजूनं होते. मग अश्वजितनं उन्हाळ्यात स्लॅबवर गार वाऱ्यात झोपायचं गाजर दाखवलं, तेव्हा ते स्लॅबचे झाले. मग गिरजाबाईनं त्यांच्या गुडघ्यांकडे बोट दाखवून विचारलं, "भाऊ, झोपाल तं खरं, पन चढाल कसे?" तेव्हापासून ते पुन्हा चिमणीचे झाले होते.

"आबा, वर जायला रेलिंगवाला जिना करू ना आपण," आयुष हळूच म्हणाला.

"रेलिंग?" खुशालकाका विचारात पडले. गिरजाबाईनं नुसतं पाहिलं, तसे ते पेपर तोंडासमोर धरून बसले.

रिनानं फळीवरच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावली, सगळ्यांनी हात जोडले, वंदना झाली. मग तिनं चुलीत लाकडं रचली आणि काडी लावली. क्षणभर सगळं छान चाललं. मग चुलीच्या तोंडातून धुराचा एक जाड लोट बाहेर आला, त्याच्या मागून दुसरा, आणि बघता बघता खोलीत कोण कुठे आहे ते दिसेनासं झालं.

"पाहा!" धुरातून अश्वजितचा आनंदी आवाज आला. खोकत खोकत तो म्हणाला, "पाहा आई! ही तुझी चिमणी! कामाची ना धामाची!"

नेमका त्याच वेळी बिरजू टेप घेऊन दारात आला. "आग लागली का हो भाऊ?" तो ओरडला आणि अंगणातल्या पाण्याच्या बादलीकडे पळाला.

"ए बिरजू, ठेव ती बादली!" गिरजाबाईचा आवाज धूर कापत गेला. "दारं-खिडक्या सारे बंद करून बसले आन म्हनते चिमणी ओढत नाई. हवा नसन तं ओढन काय, तुमचा जीव? खुशालभाऊ, पोटखिडकी उघडा."

"वहिनी, लू लागते ना बाहेरून."

"उघडा म्हनते ना मी!"

खुशालकाकांनी दिवाणावर गुडघे टेकून कडी काढली. झोतासारखी गरम हवा आत आली, आणि मग रश्मीला दिसलं की धूर वळला. खोलीभर पसरलेला तो धूर, कोणी पदर धरून ओढावा तसा चुलीकडे निघाला, आत शिरला आणि वर गेला. थोड्याच वेळात खोली स्वच्छ झाली. चुलीत जाळ सरळ उभा राहिला.

"बापा!" बिरजू बादली हातात धरूनच चुलीपाशी वाकला आणि त्यानं वर पाहिलं. "काय ओढते हो ही! आजकालचे मिस्त्री लोकं हज्जारदा सांगूनबी असं काम नाई करत."

"तू माप घ्यायला आला आहेस," अश्वजित म्हणाला.

"घेतो ना भाऊ," बिरजू म्हणाला, पण डाळीचा वास सुटायला लागला होता, त्यामुळे तो भिंतीला टेकून बसला.

आणि मग सुरू झाली पुनाबाईची गोष्ट. साहेबाच्या चुलीवर नव्या सुनेचा स्वयंपाक असला की ती गोष्ट झालीच पाहिजे. पुनाबाई म्हणजे डोमाजीची बायको, खुशालकाकांची आई. गोष्ट सांगायचा मान त्यांचाच.

"तं झालं असं," खुशालकाकांनी पेपर बाजूला ठेवला, "का बाबांनी घर घेतलं आन मायले घेऊन आले. माय झोपडीतून आलेली. दारात उभी राह्यली आन म्हने, एवढ्या घरात आपन बोलू तं एकमेकाले ऐकू येईन का? मंग आत आली. पाहते तं काय, खोलीत भलीमोठी चूल. म्हने, अगोबाई, साहेब होता तरी आपल्यासारखाच होता, खोलीतच सैपाक करे! बसली आन मांडला सैपाक. बाबा बाहेरून आले तं काय पाहते, साहेबाच्या शेकाच्या जागेवर माय भात शिजवून राह्यली!"

रिना खळखळून हसली. आयुषनं ही गोष्ट लहानपणापासून ऐकली होती, तरी तोही हसला.

"बाबा म्हने, अवो येडे, हे चूल नोहे, हे साहेबाची शेकोटी हाये! सैपाक तिकडे, चिंचेमागं! माय म्हने, मले काय मालूम! मंग साहेबाच्या घरात साहेबासारखं राहाव म्हून बाबानं सारा सैपाक बावर्चीखान्यात नेला. पन मायचा तो पहिला भात याच चुलीवर झाला, तं सुनेनं इथीच पहिला सैपाक कराचा, असं पडलं ते पडलंच."

सगळे हसले. रश्मीसुद्धा हसली. हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपण सगळ्यांबरोबर हसतो आहोत. गोष्ट तिला तोंडपाठ होती, पण ती आयुषच्या तोंडून किंवा नवऱ्याच्या तोंडून, नंतर, तुकड्यातुकड्यांनी. खुशालकाका सांगताना डोळे कसे बारीक करतात, 'येडे' म्हणताना मान कशी हलवतात, हे ती आज पहिल्यांदा बघत होती. आपल्या लग्नाच्या वेळी ती इतकी भेदरलेली होती की डाळीच्या गंजाशिवाय काही दिसलंच नव्हतं.

"मम्मी, ही धरा," रिना म्हणाली, आणि तव्यावरची फुगलेली पोळी तिनं सरळ रश्मीच्या हातावर ठेवली.

"अगं, पहिले त्यांना वाढ."

"तव्यावर दुसरी टाकली आहे ना त्यांच्यासाठी. खा तुम्ही."

पोळीतून वाफ निघत होती. रश्मीनं तिचा तुकडा तोडला, नुसताच तोंडात टाकला, आणि तिथंच चुलीपाशी जमिनीवर बसली. कोणी तिला हाक मारत नव्हतं. कोणाला पाणी हवं तर तांब्या तिच्या हाताशी होता, मीठ हवं तर मीठ होतं. अश्वजित बिरजूला स्लॅबची जाडी समजावून सांगत होता, खुशालकाका मधूनच रेलिंगची चौकशी करत होते, आयुष बायकोकडे बघत होता आणि आपण बघतोय हे कोणाला कळत नाही असं त्याला वाटत होतं. रश्मी हे सगळं बघत होती, ऐकत होती, आणि पोळी खात होती. तिला इतकं बरं वाटलं, की त्या बरं वाटण्याचाच तिला राग आला. हे रोज का नव्हतं? कोणी ठरवलं होतं हे?

जेवणं सगळ्यांनी तिथंच पंगत मांडून केली. बिरजूनं दोनदा भात घेतला. हात धुऊन अश्वजित आईसमोर येऊन बसला, नकाशाची गुंडाळी उलगडली आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या.

"आता सांग आई. झाला स्वयंपाक, झाली जेवणं."

गिरजाबाईनं घसा साफ केला.

"आई, थांबा," रश्मी म्हणाली. "पहिले मी बोलते."

सगळ्यांनी वळून पाहिलं. अश्वजितच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. बायको आपल्या बाजूनं बोलणार, याची त्याला खात्री होती.

"मले स्लॅब नाई पाह्यजे," रश्मी म्हणाली.

गिरजाबाईच्या तोंडावर हसू फुटलं. अश्वजितचा हात वाटीवरून सुटला आणि नकाशाचा एक कोपरा गुंडाळला गेला.

"चिमणी राहू द्या, कवेलू राहू द्या. बिरजूभाऊले फुटलेले कवेलू तेवढे बदलाले सांगा. आन सैपाक आजपासून इथी."

"इथी म्हणजे?" अश्वजितनं विचारलं.

"इथी म्हणजे इथी. या चुलीत शेगडी बसते, ओटा होते. वाफ चिमणीतून जाते. मी बावर्चीखान्यात पाय ठेवत नाई."

आणि मग जे झालं ते बघायला खुशालकाका दिवाणावरून उतरून पुढे आले. महिनाभर एकमेकांशी धड न बोललेली आई आणि मुलगा एका सेकंदात एक झाले.

"मोठ्या खोलीत सैपाक?" गिरजाबाई म्हणाली. "पाहुने कुठी बसतीन?"

"बरोबर आहे आईचं," अश्वजित म्हणाला. "ही बैठकीची खोली आहे!"

"बुद्धाच्या मूर्तीखाली कांदे चिराचे?"

"फोडणीचा वास बसतो दगडात! मी आधीच सांगितलं होतं!"

"त्यानं सांगतलं होतं," गिरजाबाईनं दुजोरा दिला.

"आज नाई बसला वास?" रश्मीनं विचारलं. "आज मूर्ती कुठी गेली होती? तुम्हीच तं म्हनता, सुनेनं इथी पहिला सैपाक कराचा. पहिला चालते आन दुसरा नाई चालत, हे काय हाये?"

"तो मान आहे, रश्मी. रीत आहे," अश्वजित म्हणाला. "त्या रीतीची गोष्ट तूही ऐकली. आजीला माहीत नव्हतं, तिची चूक झाली..."

"कायची चूक?" रश्मी उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला होता आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. "पुनाबाई अख्ख्या घरात एकटी शहाणी होती! घरात आली, पाह्यलं, म्हने, मानसं इथी बसनार तं सैपाक इथी. सत्तर-पंच्याहत्तर वर्सं झाली, तुम्ही तिले हासून राह्यले. साहेबानं बावर्चीखाना बाहेर काऊन बांधला? त्याले नोकरं घरात नोहते पाह्यजे. बरं. साहेब गेला. नोकर कोन राह्यलं?"

 अश्वजितनं फळीवरच्या तसबिरीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बिरजूनं टेपची पट्टी बाहेर ओढली, परत आत सोडली.

"आपल्या लोकांनी एवढं सारं सोडलं," रश्मी जरा हळू म्हणाली, "आन साहेबाची एवढी एक गोष्ट जपून ठेवली. आई, तुम्हीबी तं धावल्या तिकडून इकडे. तुमाले नाई वाटलं कधी?"

सगळे गिरजाबाईकडे बघू लागले. ती चिडेल असं रश्मीला वाटलं. पण ती चुलीतल्या विझत आलेल्या निखाऱ्यांकडे बघत होती.

"पायाचं काई नाई वाटलं," गिरजाबाई सावकाश म्हणाली. "पाय काय, चालतच असते. मले..." ती थांबली. मग खुर्चीत सरसावून बसली आणि दिराकडे वळली. "खुशालभाऊ, तुमी दोघं भाऊ इथी बसत. रात-रात बोलत. मले तिथून तुमचं हासनं ऐकू ये. बोलनं नाई ऐकू ये. मी ताटं घेऊन येवो तं तुमचं हासून झालेलं राहे. मी पुसो, कायले हासले? तं हे म्हने, काई नाई, असंच."

"वहिनी..."

"मी लग्न होऊन आली, त्याच वर्सी. एक दिवस हे असे हासले, असे हासले, का तिकडे माह्या हातातली पळी थांबली. मी पुसलं. म्हने, काई नाई. अजून मले माहीत नाई ते कायले हासले. ते तं गेले. तुमाले याद हाये का?"

खुशालकाकांनी डोक्यावरून हात फिरवला. सुखदेव, त्यांचा मोठा भाऊ आणि गिरजाबाईचा नवरा, जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. मग त्यांचे डोळे बारीक झाले, आणि ते हसायलाच लागले.

"हाये ना याद. तुमचंच तं होतं ते!"

"माह्यं?"

"आमी तुमाले पाहाले आलो होतो ना, मीबी होतो संग. तुमच्या बाबांनी म्हटलं, पोराले काई पुसाचं असन तं पुसू द्या. आन भाऊनं काय पुसलं?"

"पुसलं ना," गिरजाबाईचा चेहरा एकदम कठीण झाला. "मले चांगलं याद हाये. म्हने, तुमच्या गावातून शेवटची एसटी किती वाजता जाते? पोरगी समोर बसली, आन यायले घरी जाची घाई! मले वाटलं, हे पसंत नाई आपल्याले. दुसऱ्या दिवशी होकार आला तं मले वाटलं, बापानं दाबला असन पोराले. सारी जिनगी मी ते पोटात ठेवलं. कधी बोलली नाई."

"अवो वहिनी!" खुशालकाका आता हसत नव्हते. "घाई नोहती. त्याची उठाची इच्छाच होऊन नोहती राह्यली. म्हने, एसटी केव्हा जाते ते मालूम पडलं का तो टाइम टळेपर्यंत आपन बसून राहू, ते चुकली का मंग रातभर तुमच्या गावातच राहा लागन, आन सकाळी अजून एकडाव दिसन ही. तेच मले इथी सांगून राह्यला होता तो, या खोलीत. आन हासून राह्यला होता."

रिना पुढे सरकली.

"मंग चुकली एसटी?" रिनानं विचारलं.

"चुकवली ना! पन सासऱ्यानं बैलबंडी जुपून पोहचवून देल्लं आमाले. भाऊ बंडीत रस्ताभर तोंड पाडून बसला."

गिरजाबाईनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. रश्मी धावत तिच्याजवळ गेली, आणि तिला कळेना की सासू रडते आहे की हसते आहे. मग पदर खाली आला. गिरजाबाई रडत होती आणि हसत होती, दोन्ही भरभरून, सुनांसमोर, बिरजूसमोर, कशाची पर्वा न करता.

"सकाळी अजून एकडाव दिसन म्हने," ती म्हणाली. "पाह्य गं रश्मी. आन मी रुसून बसली होती त्या मानसावर. एवढी वर्सं. कोनाले मालूमच नाई का मी रुसली हावो, आन मले मालूम नाई का कायले हासले!"

रश्मीनं तिचा हात हातात घेतला. तो सगळा घट्टे पडलेला हात होता, रश्मीच्या हातासारखाच.

अश्वजित उठला. त्यानं नकाशा गुंडाळला, कपाटावर ठेवून दिला आणि मागच्या दारानं उन्हात निघून गेला. आयुषही त्याच्या मागून गेला. थोड्या वेळानं अंगणातून लोखंड दगडावर आपटल्याचा आवाज आला. बाप-लेक बावर्चीखान्यातलं गॅसचं सिलिंडर तिरकं करून घराकडे घरंगळत आणत होते, आणि अश्वजित तापलेल्या जमिनीवर अनवाणी पायानं उड्या मारत ओरडत होता, "दार धरा रे कोणी! पाय भाजून राह्यले माझे!"

दार धरायला बिरजू धावला. गिरजाबाईनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं आपली खुर्ची ओढून खुशालकाकांच्या दिवाणाजवळ घेतली आणि नीट मांडी घालून बसली.

"अजून कायले कायले हासले तुमी, भाऊ?" ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगा. मले सारं ऐकाचं हाये."